मास्टर्स करायचंय... पण कशात?



टी.ई.चा दुसरा सेमिस्टर सुरू झाला की हॉस्टेलमध्ये एक साथ येते. तिचं नाव 'पुढे काय?' मेसच्या रांगेत, पाण्याच्या कूलरपाशी, रात्री दीड वाजता गॅलरीत, सगळीकडे तीच लक्षणं. "गेट देतेयस का?" "जीआरईचे शब्द किती झाले?" "त्या सिनियरला शेवटी कुठली युनिव्हर्सिटी मिळाली गं?" सगळे प्रश्न 'कुठे' आणि 'किती'चे. 'काय शिकायला जायचं?' हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. जणू मास्टर्स ही एक बस आहे, खिडकीची जागा मिळाली की झालं, बस कुठे जाते ते कंडक्टर बघून घेईल!

गेले चार महिने मी हाच विषय वाचतेय, कारण मला घरी उत्तर द्यायचंय. पप्पा भुसावळला रेल्वेत आहेत, त्यांची निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे आणि धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. म्हणजे माझ्या एकटीच्या 'पुढे काय'मध्ये घरातल्या चौघांचं 'पुढे काय' अडकलेलं आहे. जे वाचलं, सिनियर्सना आणि सरांना विचारलं, ते इथे मांडतेय. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द मेसच्या भाजीतल्या बटाट्यासारखे आहेत, कुठेही चमचा घाला, सापडतातच. सांभाळून घ्या!

आधी हे मास्टर्स म्हणजे काय?

बी.ई.त प्रश्न दिलेला असतो आणि त्याचं उत्तर कोणाला तरी आधीच माहीत असतं. ओरल्सला एक्स्टर्नल जे विचारतात ते पुस्तकात असतंच, फक्त आपल्याला त्या क्षणी आठवत नाही. मास्टर्समध्ये साधारण पहिलं वर्ष कोर्सेसचं आणि मग प्रोजेक्ट किंवा थीसिस. तिथे प्रश्न गाइड सुचवतात, पण उत्तर त्यांच्याकडेही तयार नसतं. आणि पीएच.डी.त तर प्रश्नसुद्धा स्वतःच शोधायचा असतो. म्हणजे बी.ई. ते पीएच.डी. हा प्रवास जास्त विषय शिकण्याचा नाही, तर तयार उत्तरांकडून स्वतःच्या प्रश्नाकडे जाण्याचा आहे. मास्टर्स ही मधली पायरी.

आता नावांचा घोळ. एम.ई. आणि एम.टेक. साधारण दोन वर्षांचे. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्सच्या एम.टेक.ला दोन वर्षांच्या टीचिंग असिस्टंटशिपबरोबर तीन वर्षांची रिसर्च असिस्टंटशिपही असते. त्यात लॅब, सर्व्हर किंवा एखादा प्रकल्प सांभाळत शिकायचं. आयआयटी मद्रासला संशोधनावर आधारलेली एम.एस. आहे, तिच्यात कोर्सेस कमी आणि थीसिस मोठा. परदेशातल्या एम.एस.मध्येही दोन प्रकार असतात, थीसिसवाली आणि फक्त कोर्सेसवाली. आपल्या बी.एस्सी., बी.सी.ए.वाल्या मित्रांची एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांची होती, २०२०-२१ पासून ती दोन वर्षांची झाली.

पण खरा घोळ याच्या पुढे आहे. अर्ज भरताना एका ओळीत 'कॉम्प्युटर सायन्स' असतं आणि खालच्या ओळीत 'इन्फर्मेशन सिस्टिम्स'. आपल्याकडचा सर्वसाधारण समज असा, की पहिलं मिळालं नाही तर दुसरं घ्यायचं. हा समज चुकीचा आहे. ती दोन वेगळी शास्त्रं आहेत, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. कसे, ते बघायला लांब कुठे जायला नको. द्वारकेला जाऊ.

द्वारका चौक आणि कॉम्प्युटर सायन्स

आपल्या हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला द्वारका पाठ आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि अशा जोरात भेटतात की रिक्षावाले काका इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतात. २०१३ मध्ये महामार्गावरचा उड्डाणपूल सुरू झाला, लांब जाणारी वाहनं वरून जायला लागली. खालची गर्दी काही संपली नाही.

समजा, कॉम्प्युटर सायन्सचा एक विद्यार्थी या चौकात उभा राहिला. तो विचार करेल, की कुठल्या दिशेला किती सेकंद हिरवा दिवा दिला तर एकूण खोळंबा सगळ्यात कमी होईल? एका चौकापुरतं हे सोपं वाटतं. पण द्वारकेचा हिरवा दिवा म्हणजे पुढच्या चौकातली गर्दी, म्हणून सगळे सिग्नल एकदमच ठरवायला हवेत. आता गंमत बघा. प्रत्येक सिग्नलसाठी वेळेचे ६ पर्याय आहेत असं धरू. १० सिग्नल असतील तर एकूण जुळण्या ६ चा दहावा घात, म्हणजे ६,०४,६६,१७६. सेकंदाला १ कोटी जुळण्या तपासणारं मशीन असेल तर ६ सेकंदांत काम झालं. सिग्नल दुप्पट करा, २० घ्या. काम दुप्पट होईल? नाही! तेच मशीन आता साडेअकरा वर्षं घेईल. तोपर्यंत आपण सगळे पास होऊन आपापल्या वाटेला लागलेलो असू (केटीवाले धरून)!

इथे कॉम्प्युटर सायन्सचा खरा प्रश्न सुरू होतो. प्रश्न 'प्रोग्रॅम कसा लिहू?' हा नाहीच. इनपुट वाढलं की काम कसं वाढतं? त्याहून हुशार रस्ता आहे का? आणि नसेल, तर 'नाही' हे सिद्ध करता येतं का? मशीन दुप्पट वेगाचं घेतलं तर साडेअकरा वर्षांची पावणेसहा होतील. चांगला अल्गोरिदम सापडला तर कदाचित चहा गार व्हायच्या आत उत्तर येईल.

याचं आपल्या मराठी माणसाचं उदाहरण म्हणजे नरेंद्र करमरकर. मर्यादित साधनं सगळ्यात फायदेशीर कशी वाटायची, या प्रकारच्या गणिताला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. विमान कंपन्यांची वेळापत्रकं असोत की कारखान्याचं उत्पादन, सगळीकडे ते लागतं. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी त्यासाठी सिम्प्लेक्स पद्धत दिली. ती व्यवहारात छान चालायची. पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या दोघांनी अशी उदाहरणं बनवून दाखवली की सिम्प्लेक्सला वरच्या सिग्नलसारखाच घाम फुटेल. १९७९ मध्ये रशियाच्या खाचियान यांनी सिद्ध केलं, की वेगाची हमी देणारी पद्धत शक्य आहे, पण त्यांची पद्धत प्रत्यक्षात संथ निघाली. मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या करमरकरांनी अशी पद्धत मांडली की जिला वेगाची हमीही होती आणि जी प्रत्यक्षातही चालली.

कल्पना करा, एक अनेक पैलूंचा हिरा आहे आणि उत्तर त्याच्या कुठल्या तरी टोकावर आहे. सिम्प्लेक्स हिऱ्याच्या बाहेरच्या कडांवरून एका टोकावरून दुसऱ्या टोकावर चालत जाते. करमरकर हिऱ्याच्या पोटातून गेले. ऐकायला सोपं आहे, पण हा विचार त्या जागी पोहोचायला ३७ वर्षं लागली. करमरकरांची १९७८ ची आयआयटी मुंबईची बी.टेक. इलेक्ट्रिकलची होती, मग कॅल्टेकमधून एम.एस. आणि बर्कलीतून कॉम्प्युटर सायन्सची पीएच.डी. आपल्या इलेक्ट्रिकल आणि ई अँड टी.सी.वाल्यांनी हे वाक्य अधोरेखित करून ठेवावं.

तोच चौक आणि इन्फर्मेशन सिस्टिम्स

आता त्याच चौकात दुसरी विद्यार्थिनी उभी करू. तिला दिव्यांचे सेकंद दिसत नाहीत, तिला भुयारी मार्ग दिसतो. द्वारकेला पायी जाणाऱ्यांसाठी रस्त्याखालून मार्ग बांधला गेला आणि तो वर्षानुवर्षं जवळजवळ न वापरता पडून राहिला. लोक हात दाखवत, ट्रकच्या नाकासमोरून, वरूनच पळत राहिले. बांधकामात गणित चुकलं होतं का? नाही. काँक्रीट पक्कं होतं. मग काय राहिलं? ही विद्यार्थिनी विचारेल, की पायऱ्या किती? गुडघे दुखणाऱ्या आजी त्या उतरतील का? आत उजेड कोण लावतं आणि बल्ब गेला तर कोणाला कळतं? संध्याकाळी सातनंतर एकटी मुलगी त्यातून जाईल का? महापालिका, वाहतूक पोलीस आणि महामार्गवाले या तिघांपैकी तक्रारीची वही नेमकी कोणाकडे आहे?

भुयारी मार्ग म्हणजे काही सॉफ्टवेअर नाही, हे मलाही कळतं. पण असे 'भुयारी मार्ग' सॉफ्टवेअरमध्ये खंडीभर असतात. कोड बरोबर, टेस्टिंग बरोबर, उद्घाटनाची रिबीन बरोबर, आणि वापरणारा माणूस वरून पळतोय. इन्फर्मेशन सिस्टिम्सचा प्रश्न तो आहे. मशीन, माहिती, माणसं आणि नियम हे चारही एकत्र आले की जे होतं त्याला ते 'सिस्टिम' म्हणतात. आणि ती का चालते, का पडते, हे शोधतात.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ मध्ये कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभाग काढला. थोड्याच वर्षांत, १९६० च्या दशकाच्या शेवटी, मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. कारण तोवर कंपन्यांनी मशीनं घेतली होती, आणि मशीन घेतल्याने ऑफिस आपोआप सुधारत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर निफाड, दिंडोरी, येवल्याच्या मुलांना विचारा. घरी सातबारा आहे ना? त्यावर शेतात कुठलं पीक आहे याची नोंद पूर्वी तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करायची, शेतात उभं राहून फोटो काढायचा, अशी पद्धत आली. आपल्या बॅचमधला कुठलाही मुलगा म्हणेल, यात काय विशेष? एक फॉर्म, कॅमेरा, जीपीएस, मागे डेटाबेस. मिनी प्रोजेक्ट आहे हा!

कोडपुरतं बघितलं तर त्याचं बरोबर आहे. पण आता बाकीचे तीन घटक घ्या. ज्या काकांकडे साधा फोन आहे त्यांनी काय करायचं? शिवारात रेंज नसेल तर नोंद कधी चढते? शेत आजीच्या नावावर, कसतो मामा, फोन भाच्याचा, मग नोंद कोणाची धरायची? कांद्याच्या जागी मका पडला तर दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत? आणि जी नोंद तलाठ्याच्या सहीने व्हायची ती शेतकऱ्याच्या बोटाने व्हायला लागली, तर गावात कोणाचा शब्द वजनदार झाला? नुकसानभरपाई, पीक विमा, कर्ज या सगळ्यांत ही नोंद लागते. म्हणून इथे एखादी गोष्ट चुकली तर फक्त 'एरर' येत नाही, कोणाच्या तरी घरी पैसे येत नाहीत. या प्रश्नांची उत्तरं कंपायलर देत नाही. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतात, सर्व्हे करावे लागतात, स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र आणि थोडा कायदाही शिकावा लागतो.

म्हणून विषय वेगळे. कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रगत अल्गोरिदम, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, कंपायलर, मशीन लर्निंग. इन्फर्मेशन सिस्टिम्सला सिस्टिम अॅनालिसिस, डेटाबेस डिझाइन, सिक्युरिटी आणि ऑडिट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, संशोधनपद्धती. 'सोपं कॉम्प्युटर सायन्स' समजून तिकडे गेलेला माणूस पहिल्याच केस स्टडीत गार पडतो.

दोन्ही प्रश्न एकत्र आले तर?

२००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी नाशिकमध्ये 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम झाला. एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर त्यामागे होते. रासकर मूळचे नाशिकचे, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीत, २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची पीएच.डी. आणि २००८ पासून एमआयटी. प्रकाशाचा प्रवास टिपू शकणाऱ्या, सेकंदाला सुमारे एक लाख कोटी फ्रेम्सच्या कॅमेऱ्याच्या संशोधनामुळे त्यांचं नाव जगभर झालं.

कुंभथॉनमधून 'आशिओतो' नावाची एक चटई तयार झाली. आशिओतो म्हणजे जपानीत पावलांचा आवाज. रस्त्यात चटई टाकायची, तिच्यावर पाऊल पडलं की सेन्सर मोजतो, आणि कुठल्या वाटेने किती वेगाने माणसं येताहेत ते कळतं. बनवणाऱ्यांत शाळकरी मुलगाही होता, हे विशेष! आता बघा, 'पावलं अचूक कशी मोजायची?' हा इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सचा प्रश्न. पण आकडा वाढला की तो कोणाच्या फोनवर जाणार, कुठला रस्ता बंद करायचा हे कोण ठरवणार, आणि घाटाकडे निघालेली माणसं त्या शिपायाचं ऐकणार का, हा इन्फर्मेशन सिस्टिम्सचा प्रश्न. एक प्रश्न सुटून दुसरा राहिला तर चटईचा उपयोग पाय पुसायलाच! २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नानं पुन्हा नाशिकला आहेत. दोन्ही प्रकारच्या डोक्यांना काम आहे.

आणि हो, "आता एआय कोड लिहितं, मग मास्टर्स कशाला?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच. कोड लिहायला मदतनीस मिळाला म्हणजे काय लिहायचं आणि का, हे ठरवणाऱ्याची जबाबदारी वाढली.

आता रस्ते

पहिला रस्ता गेटचा. परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज आदल्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास. ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ जनरल अॅप्टिट्यूडचे. चार पर्यायांच्या प्रश्नाला उत्तर चुकलं तर एक तृतीयांश गुण कापतात, आकडा टाइप करायच्या प्रश्नाला मात्र कापत नाहीत. निकाल ३ वर्षं चालतो. २०२१ पासून थर्ड इयरलाही परीक्षा देता येते, म्हणजे एक तालीम फुकट नाही, पण फायद्याची नक्की! २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आला आहे. आयआयटींच्या ऑफर्स कोॲप पोर्टलवर, एनआयटींच्या सीसीएमटीतून. गेटशिवायही दारं आहेत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची आणि आयआयआयटी हैदराबादची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. इन्फर्मेशन सिस्टिम्स आपल्या देशात बहुतेक वेळा मॅनेजमेंटच्या छताखाली भेटतं, आयआयएममध्ये त्यात पीएच.डी.ही होते.

दुसरा रस्ता परदेशी एम.एस.चा. अमेरिकेत ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत. उद्देशपत्र, बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं, टोफेल किंवा आयईएलटीएस. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते आणि बऱ्याच ठिकाणी ती सक्तीचीही राहिलेली नाही. इन्फर्मेशन सिस्टिम्सवाल्यांनी एक गोष्ट अर्ज भरण्याआधी तपासा. शिक्षणानंतर कामाची १२ महिन्यांची परवानगी आणखी २४ महिने वाढवायची सोय २०१६ च्या नियमाने दिली, पण ती ज्या अभ्यासक्रमाचा सरकारी कोड त्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत आहे त्यालाच. नाव सारखं असलं तरी एका विद्यापीठात हा कोर्स इंजिनिअरिंगच्या कोडखाली असतो, दुसऱ्यात बिझनेसच्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने परदेशातून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली. नियम असे एका रात्रीत बदलतात, म्हणून 'नोकरी लागेलच' हे गृहीत धरून कर्ज काढू नका.

तिसरा, जर्मनी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम, २०२४ च्या दरानुसार वर्षाला ११,९०४ युरो, आधी खात्यात दाखवावी लागते.

चौथा रस्ता घरबसल्या. जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली, सगळी मिळून फी सुमारे ७,००० डॉलर. नोकरी करत करता येते.

हिशोब वहीत मांडा

गेटमधून गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये, २४ महिने. म्हणजे २,९७,६०० रुपये तुम्हाला मिळतात. आता समजा, परदेशासाठी ४० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं. शिकत असतानाच महिन्याला ३३,३३३ रुपये नुसतं व्याज चढतं. मूळ ४० लाख १० वर्षांत फेडायचे म्हटलं तर हप्ता साधारण ५२,८६० रुपये आणि एकूण फेड ६३ लाखांच्या वर. कर्ज वाईट नाही, माझ्या दोन सिनियर्सनी ते फेडून दाखवलंय. पण हा हप्ता ज्या कागदावर असतो त्यावर जामीन म्हणून आईवडिलांची सही असते, आणि तारण बहुतेक वेळा त्यांचं घर. मी हा हिशोब पप्पांना फोनवर वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी लेट झाली तर चालतं बेटा. चुकीच्या गाडीत बसू नको फक्त." तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाकडून आणखी काय करिअर कौन्सेलिंग हवं?

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

एक : असा कोणता प्रश्न आहे जो मला परीक्षेत नसतानाही छळतो? 'हे याहून वेगाने होईल का?' असा असेल तर कॉम्प्युटर सायन्स. 'हे बनवलं तर लोक वापरत का नाहीत?' असा असेल तर इन्फर्मेशन सिस्टिम्स. कुठलाच नसेल तर दोन वर्षं नोकरी करा, प्रश्न आपोआप भेटतो.

दोन : मी चव घेऊन बघितली आहे का? आयआयटींनी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने चालवलेलं एनपीटीईएल आहे, कोर्स फुकट बघता येतो. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचे बारा आठवडे झोप न येता पार पडले तर समजा जमलं!

तीन : मी फक्त प्लेसमेंट टाळायला जातेय का? असेल, तर तोच इंटरव्ह्यू दोन वर्षांनी, कर्जासकट, पुन्हा समोर येणार.

'वय निघून जाईल' ही भीती मात्र सोडा. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नाही, म्हणून मी सांगते. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री एक नन होती, सिस्टर मेरी केनेथ केलर. वर्ष १९६५, विद्यापीठ विस्कॉन्सिन, वय ५१. त्यानंतर त्यांनी आयोवातल्या क्लार्क कॉलेजमध्ये कॉम्प्युटर सायन्सचा विभाग सुरू केला आणि तो वीस वर्षं चालवला. आपण २० वर्षांचे आहोत. घाबरायचं कशाला?

माझं विचाराल तर माझा प्रश्न दुसरा आहे, भुयारी मार्गवाला. म्हणून मी बी.ई.ला गेट देणार आहे, कॅम्पसलाही बसणार आहे. गेटने दार उघडलं तर स्टायपेंडवर मास्टर्स, नाही तर नोकरी करत तयारी. परदेश रद्द केलेला नाही, भावाचं कॉलेज मार्गी लागेपर्यंत थांबवलाय. आणि बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघींनी विषय मागितलाय, द्वारकेला पायी जाणारी माणसं कुठून आणि का रस्ता ओलांडतात हा. सरांनी अजून 'हो' म्हटलेलं नाही. (सर, हा लेख वाचत असाल तर...)

जाता जाता आपल्या सर-मॅडमना एक विनंती. शिफारसपत्रात 'मेहनती व प्रामाणिक' एवढंच असलं तर निवड करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. अमुक लॅबमध्ये याने अमुक चूक शोधून काढली, असं एक खरं वाक्य असेल तर ते फार पुढे नेतं. आम्हीही डेडलाइनच्या आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी येऊ. नक्की! आणि हॉस्टेलच्या मंडळींनो, यापुढे कूलरपाशी कोणी "कुठे चाललीस?" विचारलं तर आधी सांगा कशासाठी चाललोय ते. कुठे, ते मग ठरवता येतं.

सर्वांना पुढच्या वाटचालीसाठी, आणि त्याआधी येणाऱ्या सबमिशनसाठी, मनापासून शुभेच्छा!